बोरन्हाणाचा फोटो : एका रविवारचा घटनाक्रम

संक्रांत ते रथसप्तमी. या दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांत बोरन्हाणं होतात. बाळाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, हलवा ओतायचा. ऋतू बदलतो आहे, तो बाळाला बाधू नये आणि त्या मोसमातलं फळ त्यानं खेळता खेळता उचलून खावं, एवढाच त्यामागचा भाव. मला हा सण मनापासून आवडतो आणि तो टिकावा असं वाटतं. म्हणूनच हे लिहितो आहे.

खालचा घटनाक्रम कुठल्या एका घराचा नाही. अनेक घरांत जे सुटं सुटं होतं ते मी एका रविवारात आणि एका घरात बसवलं आहे. घरात सोळा महिन्यांचं बाळ, त्याचा सहा वर्षांचा दादा, आई, बाबा, आजी, मुंबईहून आलेली आत्या आणि शेजारपाजारची मुलं. गेल्या वर्षी बाळ चार महिन्यांचं होतं, मान नुकती धरत होतं, म्हणून यंदा पहिलं बोरन्हाण. आणि यंदा फोटोग्राफरही ठरवला आहे.

सकाळी 7:30 (दहा तास आधी)

आजीनं ओट्यावर सगळं मांडून ठेवलं आहे. एक किलो चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, सोललेला ओला हरभरा, तिळाच्या रेवड्या, पांढरा हलवा. भुईमुगाच्या शेंगाही आहेत, पण गेल्या वेळी शेजारच्या घरी टरफलांचा फार पसारा झाला आणि फोटोत तो दिसत राहिला, म्हणून आजीनं रात्रीच निम्म्या शेंगा फोडल्या. दाणे मंद आचेवर भाजले, गार झाल्यावर चोळले, सुपात पाखडले. असे चोळून पाखडलेले दाणे अखंड राहत नाहीत, त्यांच्या दोन पाकळ्या होतात. गुळगुळीत, एका बाजूनं सपाट, तेलानं किंचित चकाकणाऱ्या. आजीनं त्यातली मूठभर चुरमुऱ्यांत मिसळली.

दिवसभरातली सगळ्यात मोठी गोष्ट इथं झाली, आणि तेव्हा घरात कुणी नीट उठलंही नव्हतं.

भूल देणारे डॉक्टर मुलाच्या श्वासनळीचा ढोबळ अंदाज घेताना त्याच्या करंगळीकडे बघतात. नळी साधारण तेवढीच. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांत येतात, त्यांच्या मागच्या 23 ते 33 महिन्यांत. म्हणजे या वयाचं मूल पुढच्या दातांनी दाणा तोडू शकतं, पण दळू शकत नाही. तोंडात जे जाईल ते अख्खं किंवा अर्धं, पण टणकच राहतं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षांच्या आतल्या मुलांना दाणे आणि कडक गोळ्या देऊ नका असं सांगते. ब्रिटनची आरोग्यसेवा अख्ख्या दाण्यांसाठी पाच वर्षांची मर्यादा घालते. आपल्याकडे बोरन्हाणाचं वय कोणतं? पहिल्या वर्षापासून पाचव्यापर्यंत. नेमकं तेच.

खेळण्यांच्या बाबतीत आपण जास्त सावध आहोत. आयएस 9873 या भारतीय मानकात एक छोटं नळकांडं सांगितलं आहे, 31.7 मिलिमीटर व्यासाचं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग त्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास. 1 जानेवारी 2021 पासून हे मानक देशात बंधनकारक आहे. आजीच्या परातीतला जिन्नस त्या नळकांड्यात टाकून बघा. बहुतेक बोरं मावतील. हरभरा, दाणा, रेवडी, हलवा तर मावतीलच.

सकाळी 9:15 (साडेआठ तास आधी)

दिवाणखान्यात सजावट सुरू. मागे आईची काळी चंद्रकळा ताणून लावली, तिच्यावर कागदी पतंग, थर्माकोलची अक्षरं, दोन्ही बाजूंना फुगे. आत्यानं दिव्यांची बारीक माळ आणली आहे, बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारी. दादाला ती इतकी आवडली की त्यानं मागचं झाकण नखानं उघडूनही पाहिलं.

या घरात पुढे जे झालं त्यात या माळेचा संबंध नाही, तरी सांगतो. तशी बॅटरी बाळानं गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तिथं गंभीर जखम होऊ शकते. झाकणाला स्क्रू नसलेली अशी वस्तू बाळाच्या फोटोत ठेवू नये. रबरी फुगा फुटला तर त्याची फाटकी चिंधी लगेच उचलावी. ती ओल्या घशाला चिकटते आणि वाट पुरती बंद करते.

सकाळी 11:00 (पावणेसात तास आधी)

फोटोग्राफरचा फोन. भला माणूस आहे, कामाला चोख आहे. तो म्हणाला, "ताई, साडेपाचला नको. चारला सुरू करू. जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो, पाचनंतर घरात उजेड पुरत नाही."

त्याचं म्हणणं बरोबरच आहे. वरून पडणारे चुरमुरे हवेत थांबल्यासारखे दिसायला हवे असतील तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं जलद लागतं. उजेड कमी असेल तर ते जमत नाही, आणि पांढऱ्या दाण्यांऐवजी पांढऱ्या रेघा येतात. आत्याला मोबाईलवर स्लो मोशन हवं आहे, एका सेकंदाला 240 चित्रं. त्याला तर आणखी उजेड हवा. घरातले साधे एलईडी दिवे आपल्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण स्लो मोशनमध्ये चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात. म्हणून खिडकीचाच उजेड हवा, म्हणून लवकर.

बाळ रोज दीड ते साडेतीन झोपतं. चारला पाटावर बसवायचं तर तीनला उठवायला हवं. आई म्हणाली, "बघते." या "बघते"मध्ये बाळाच्या झोपेतला अर्धा तास गेला.

माझ्या मते हे गणित उलटं मांडायला हवं. बाळ झोपून उठल्यावर, दूध पिऊन झाल्यावर जो पाऊण तास असतो तो बाळाचा सगळ्यात चांगला वेळ. आधी तो धरायचा, मग त्यात उजेड शोधायचा. बहुतेक बाळांचा तसा वेळ सकाळी नऊ-दहाच्या सुमारासही असतो आणि तेव्हा पूर्वेच्या खिडकीत भरपूर ऊन असतं. पण हळदीकुंकू संध्याकाळी असतं, बायका संध्याकाळी येतात, म्हणून बोरन्हाणही संध्याकाळीच. फोटो सकाळी घरच्या चार माणसांत काढले आणि समारंभ संध्याकाळी केला तर कुठल्याही शास्त्राला धक्का लागत नाही.

दुपारी 2:20 (सव्वातीन तास आधी)

बाळ कसंबसं पावणेदोनला झोपलं होतं. दोन वाजून वीस मिनिटांनी दाराची बेल वाजली, फुलांच्या वेण्या घेऊन माणूस आला. पस्तीस मिनिटांत झोप मोडली ती मोडलीच. मग जेवणही धड नाही. मऊ भाताचे दोन घास गेले, तिसरा थुंकला.

दुपारी 3:40 (दोन तास आधी)

दागिने चढवायची वेळ.

हलवा करणं हे फार चिकाटीचं काम. साबुदाणा, तीळ, खसखस किंवा भोपळ्याची बी परातीत घ्यायची, खाली अगदी मंद शेगडी, आणि चमच्या-चमच्यानं साखरेचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं. तासन्‌तास. बोटं भाजतात, पाकाचा एक थेंब जास्त पडला तर सगळं चिकटतं. नीट जमलं तर प्रत्येक दाण्याला पांढरे काटे फुटतात. असे दाणे दोऱ्यात गुंफून मुकुट, बाजूबंद, हार, कंबरपट्टा, बासरी करतात. हे आजीनं स्वतः केलं होतं, डिसेंबरपासून. त्या हाराकडे बघताना कुणाचाही जीव हरखून जाईल.

पण काट्यांनी बाळाची मान खाजायला लागली. त्यानं हार ओढला, चार दाणे तुटून हातात आले आणि तोंडात गेले. आईनं बोट घालून दोन काढले, दोन विरघळले असावेत. बाळ रडायला लागलं. आत्या म्हणाली, "अगं, साखरच तर आहे."

साखर खरी, पण कडक साखर, आणि आत साबुदाण्याचा दाणा. बारीक असल्यामुळे बहुतेक वेळा निभावतं. बाळ हाराला हात लावतं आणि हात तोंडात घालतं हे मात्र पावणेचारला सगळ्यांसमोर दिसलं होतं.

आतून सुती झबलं उंच गळ्याचं शिवलं आणि हार त्याच्यावरच टाचला तर मान खाजत नाही. मुकुट आणि हार शेवटी, फोटोच्या आधी पाच मिनिटं चढवायचे, काढले की लगेच उंचावर ठेवायचे.

दुपारी 4:30 (सत्तर मिनिटं आधी)

पाहुण्या बायका वेळेवर येणं शक्य नव्हतं, त्या साडेचारनंतर येऊ लागल्या. फोटोग्राफर चारपासून थांबला आहे. बाळाची दुधाची वेळ पाचची, पण काळ्या झबल्यावर दूध सांडलं तर डाग दिसेल, म्हणून "फोटो झाल्यावर देऊ" असं ठरलं. बाळ झोपेला आलेलं आणि भुकेलेलं. जो उचलून घेतो तो हातात काहीतरी देतो: बिस्किट, बोराची फोड, राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा.

भुकेलं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. चिडलेलं बाळ तोंडात घास असतानाच रडतं. रडण्यात दोन हुंदक्यांच्या मध्ये एक खोल, झटक्यात घेतलेला श्वास असतो. धोका त्या श्वासात आहे. हसण्यातही तसाच श्वास असतो.

संध्याकाळी 5:10 (अर्धा तास आधी)

औक्षण झालं. पहिली ओंजळ आजीची. बाळ दचकलं, मग डोक्यावरचे चुरमुरे बघून चक्क खुदकन हसलं. सगळ्यांच्या तोंडून एकदम "अगंबाई!" निघालं. तो फोटो आला, आणि तो सुंदर आहे. तिथं थांबता आलं असतं.

फोटोग्राफर म्हणाला, "आजी, हात मध्ये आला. पुन्हा एकदा, थोडं उंचावरून." दुसरी ओंजळ आत्याची, तिसरी मावशींची, चौथी शेजारच्या काकूंची. प्रत्येकीचा फोटो व्हायला हवा, कुणाला वाईट वाटायला नको. मग सगळ्यांनी मिळून. मग स्लो मोशनसाठी आणखी एकदा. प्रत्येक ओंजळीनंतर पाटाभोवतीचा ढीग वाढतो आणि त्यात बाळ मांडीपर्यंत बुडून बसलं आहे.

लूट वेचायला मुलं पुढे आली. दोघं-तिघं दादाच्या वयाची, आणि दोन बाळाच्याच वयाची, आयांच्या हाताला धरलेली.

पाटावर ओतायला चुरमुरे आणि झेंडूच्या किंवा गुलाबाच्या पाकळ्या पुरेशा आहेत. पाकळ्या तर चुरमुऱ्यांपेक्षा सावकाश खाली येतात आणि फोटोत फार छान दिसतात. बोरं, ऊस, हरभरा, शेंगा सुपात भरून मागे चंद्रकळेसमोर ठेवाव्यात, बाळाचा हात पोचणार नाही अशा. मोसमाचा सगळा मेवा फोटोत येतो. मोठ्या मुलांची लूट पुड्यांत बांधून निघताना दारात द्यावी, दाणे नसलेली. दाणे पूर्णच वगळावेत, द्यायचेच असतील तर कुटून लाडवात द्यावेत.

संध्याकाळी 5:36 (चार मिनिटं आधी)

या क्षणी खोलीत एकवीस माणसं आहेत. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या डोळ्यातून बाळाच्या चेहऱ्याचा फोकस बघतो आहे. आत्या मोबाईलच्या पडद्याकडे बघते आहे. बाबा फोटोग्राफरच्या मागे उभे राहून खुळखुळा वाजवताहेत. आई बाळाच्या उजवीकडे बसली आहे, पण "ताई, इकडे कॅमेऱ्यात बघा" असं तिला सांगितलं आहे, म्हणून ती कॅमेऱ्याकडे बघते आहे. आजी पुढची ओंजळ भरते आहे. बाकीच्या बायकांपैकी सहा जणींच्या हातात मोबाईल आहेत.

बाळाच्या हाताकडे कुणीही बघत नाही. इतकी प्रेमाची माणसं एका खोलीत असताना.

फोटोत नसलेल्या, हातात मोबाईल नसलेल्या एका मोठ्या माणसानं फक्त बाळाच्या हातातोंडाकडे बघायला हवं. आजोबा, मामा, कुणीही. तेवढंच त्याचं काम. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक ठेवतात तसं.

संध्याकाळी 5:40

दादानं वाकून बाळासमोर तोंड वेडावलं. बाळ हसलं. त्याचा उजवा हात त्याआधीच ढिगातून वर आला होता, मूठ तोंडाशी होती. हसताना त्यानं श्वास आत घेतला. दाण्याची एक पाकळी जिभेवरून मागे सरकली आणि स्वरयंत्र उघडं असताना आत गेली.

बाळ खोकलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, लाळ गळायला लागली. पुन्हा खोकलं, जोरात. मग खोकल्याच्या मध्ये एक किनरा, शिट्टीसारखा आवाज.

संध्याकाळी 5:41

"ठसका लागला! वर बघ, वर बघ, चिमणी बघ!" कुणी टाळूवर थापटलं, कुणी फुंकर घातली. मावशींनी फुलपात्रातून पाणी पाजलं. काकूंनी तोंडात बोट घालून चाचपलं. कुणीतरी म्हणालं, पाय धरून उलटं करा.

प्रत्येकीनं जिवाच्या आकांतानं केलं, पण यातलं काहीच करायचं नसतं. दिसत नसलेली वस्तू काढायला आंधळेपणानं बोट घातलं तर ती आणखी खाली जाऊ शकते. पाणी वाट मोकळी करत नाही, ते स्वतःच श्वासनळीत जाऊ शकतं. पाय धरून उलटं केलं तर मानेला इजा होऊ शकते आणि वस्तू स्वरयंत्रात अडकू शकते.

मूल जोरात खोकत असेल, रडू शकत असेल, तर त्याला खोकू द्यायचं. बसतं ठेवायचं, शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. त्या खोकल्याइतकं जोरकस आपल्याकडे दुसरं काही नाही.

खोकला निःशब्द झाला, आवाज फुटेनासा झाला, ओठ निळे पडू लागले, तर मात्र एक क्षणही घालवायचा नाही. एकानं 108 ला फोन लावायचा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, हनुवटी बोटांवर तोललेली, आणि दोन खवाट्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेनं पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, एका तळव्याच्या टाचेनं पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वर्षावरचं मूल असेल तर पुढे वाकवून तशाच पाच थापा, मग मागून मिठी मारायची, मूठ बेंबी आणि छातीचं हाड यांच्या मध्ये ठेवायची आणि आत-वर असे पाच झटके द्यायचे. हेन्री हाइमलिख या अमेरिकन डॉक्टरनं पोटावर झटके देण्याची ही पद्धत 1974 मध्ये मांडली. वर्षाच्या आतल्या बाळावर ती करायची नाही, त्याचं यकृत बरगड्यांखालून बाहेर आलेलं असतं. मुलाची शुद्ध हरपली तर त्याला जमिनीवर ठेवून छातीवर दाब आणि तोंडातून श्वास सुरू करायचे, तीस दाबांना दोन श्वास. प्राणवायूशिवाय चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. तेवढ्या वेळात रुग्णवाहिका पोचेल अशी आशा धरता येत नाही, खोलीतल्या कुणाला तरी हे यायला हवं.

संध्याकाळी 5:43

बाळ शांत झालं.

खोकला थांबला. एक हुंदका दिला, आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "गेलं खाली," मावशी म्हणाल्या.

खाली गेलं होतं हे खरं, पण पोटात नाही. पाकळी श्वासनळीतून उतरून उजव्या फुप्फुसाच्या मुख्य शाखेच्या तोंडाशी टेकली होती. उजवी शाखा डावीपेक्षा रुंद आणि सरळ खाली जाणारी असते. तिथं खोकल्याची उबळ आणणाऱ्या चेतातंतूंना काही वेळानं सवय होते आणि उबळ थांबते. छातीच्या डॉक्टरांना हा शांत काळ चांगला ठाऊक आहे. तो काही तासांचा असतो, कधी काही दिवसांचा. घरच्यांना वाटतं, संकट टळलं.

खाताना मुलाला जोराचा ठसका लागला आणि मग ते अगदी गप्प झालं, तर त्याच संध्याकाळी रुग्णालयात न्यायचं. हसत असलं तरी.

संध्याकाळी 5:55

फोटोग्राफर आवराआवर करत होता. आई म्हणाली, "आता शांत आहे, सगळ्यांचा एक घेऊन टाका." पडदे ओढले, फ्लॅश लावला. पहिल्याच झटक्यात आला.

रात्री 8:30 (तीन तासांनी)

फोटो घरच्या ग्रुपवर पोचले. बाळ अधूनमधून खोकतं आहे. संध्याकाळी गारठा होता, खिडक्या उघड्या होत्या, सर्दी झाली असेल. आजीनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, छातीला ओव्याच्या पुरचुंडीचा शेक दिला. दूध निम्मं प्यायलं.

दाण्यातलं तेल श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला जाळतं. अस्तर सुजतं, दाणा ओलाव्यानं फुगतो. नाणं किंवा मणी आत राहिला तर राहील तेवढाच राहतो, दाणा मात्र तासागणिक वाट अरुंद करत जातो.

मध्यरात्रीनंतर 1:45 (आठ तासांनी)

आईला जाग आली ती आवाजानं. श्वास सोडताना सूं सूं. तिनं दिवा लावून झबलं वर केलं. खालच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. मोबाईलवर मिनिट लावून तिनं श्वास मोजले: 58. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त असले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जलद श्वास म्हणते, आणि छाती आत ओढली जात असेल तर थांबायचंच नाही.

बाबांनी 108 लावला. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, मोफत आहे, गाडीत प्राणवायू असतो. पंचवीस मिनिटांत गाडी आली.

पहाटे 3:10

तपासणीच्या टेबलाशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काल काही खाताना ठसका लागला होता का?" बाबा म्हणाले, नाही, सर्दी आहे. आई म्हणाली, लागला होता, पण लगेच थांबला. दाणे होते का? आजीला फोन लावला. "होते," आजी म्हणाली, आणि पुढे तिला बोलता येईना.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पुन्हा लावला. डावीकडे हवा नीट जात होती, उजवीकडे कमी. एक्स-रेत दाणा दिसला नाही. तो दिसतच नाही, नाणं दिसतं, दाण्यातून किरण आरपार जातात. दिसलं ते एवढंच, की उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा जास्त काळं आणि फुगलेलं आहे. श्वास आत घेताना नळी थोडी रुंदावते, हवा दाण्याच्या कडेनं आत जाते. सोडताना नळी आक्रसते, हवा अडकून राहते.

तोवर आत्यानं कालचा स्लो मोशनचा व्हिडिओ काढला होता. सेकंदाला 240 चित्रांत सगळं स्वच्छ दिसत होतं: मूठ, दादाचं तोंड, हसू, आणि ओठांच्या आत जाणारी पांढरी पाकळी. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि शस्त्रक्रियागृहात फोन केला.

सकाळी 7:20

पूर्ण भूल. ताठ ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे पुढे दिवा आणि दुर्बीण असलेली धातूची बारीक नळी, बाळाच्या तोंडातून श्वासनळीत. याच नळीतून त्याला प्राणवायू द्यायचा आणि याच नळीतून चिमटा घालायचा. गुस्ताव किलियान या जर्मन डॉक्टरनं 1897 मध्ये फ्रायबुर्ग इथं एका माणसाच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा असा बाहेर काढला, तिथून ही विद्या सुरू झाली. आपल्या देशातल्या रुग्णालयांनी छापलेले अहवाल काढून बघा, मुलांच्या श्वासनलिकेतून निघणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा पुन्हा पुन्हा पहिला येतो. मग सीताफळाची बी, चिंचोका, सुपारी.

चिमट्यानं दाबला तर फुगलेला दाणा चुरतो आणि तुकडे खोल जातात, म्हणून हात अतिशय हलका लागतो. पहिल्या पकडीत निसटला. दुसऱ्यांदा नळीसकट बाहेर आला. मग पुन्हा आत जाऊन दोन्ही बाजू तपासल्या, कारण मूठभर दाण्यांतला एकच आत गेला असेल असं धरून चालता येत नाही. डाव्या बाजूला साल सापडली. तीही काढली.

सकाळी 9:30

बाळ अतिदक्षता विभागात, नाकाला प्राणवायू, श्वास 34. दोन दिवस ठेवणार आहेत. डॉक्टर बाहेर येऊन आईशी बोलले आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "पाटाजवळ आणखी लहान मुलं होती का?"

दोन होती. दोघांच्याही हातात लुटीच्या पिशव्या देऊन त्यांना घरी पाठवलं होतं.

आईनं तिथंच बाकावर बसून पहिला फोन लावला. "वहिनी, कालच्या पिशवीतले दाणे, हरभरे, रेवड्या सगळं आधी काढून घ्या. आणि मला सांगा, तो रात्रीपासून खोकतोय का?" पलीकडे पावलांचा आवाज, कपाटाचं दार, मग उत्तर: खोकत नाही, पिशवी अजून गाठ मारलेलीच आहे. दुसऱ्या घरी फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. तिनं नवऱ्याला त्यांचा पत्ता सांगितला आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.